लाखोंच्या नांवानें झालेली तडजोड

दोघांचें भांडण दोघांनीं आपखुषीनें मिटविलें तर तिसऱ्यानें त्यांत तोंड घालूं नये, असा व्यवहाराचा जुना संकेत आहे. न्यायालयेंहि तो पाळतात. वादी आणि प्रतिवादी एकमतानें लिहिलेला कागद पुढें ठेवतात, न्यायाधीश त्याप्रमाणें हुकूमनामा देतात आणि वर्षानुवर्षें रेंगाळलेला दावा एका दिवसांत निकालांत निघतो. मिळालेली रक्कम थोडी कीं पुष्कळ, याची चौकशी करण्याचें न्यायाधीशांस कारण नसतें. ज्याचें नुकसान झालें त्याला ती पुरेशी वाटली, एवढें त्यांना बस्स असतें.

परंतु ज्याचें नुकसान झालें तो न्यायालयांत हजरच नसेल तर? त्याच्या नांवानें दुसराच कोणी बोलत असेल, आणि असे गैरहजर लोक एकदोन नसून लाखोंच्या संख्येनें असतील तर? मग हुकूमनाम्यावर सही करणाऱ्या न्यायाधीशाच्या कामाचें स्वरूपच पालटतें. न्यायदानाची सारी पद्धति दोन पक्षांच्या विरोधावर उभारलेली आहे. एक पक्ष जें झांकतो तें दुसरा उघडें करतो, आणि त्या ओढाताणींतून न्यायाधीशाला सत्याचें दर्शन होतें. तडजोडीच्या दिवशीं हा विरोधच नाहींसा होतो. काल एकमेकांवर तुटून पडणारे वकील आज एकाच कागदाचें समर्थन करूं लागतात. प्रतिवादीला वाद कायमचा मिटवावयाचा असतो. वादीतर्फें बोलणाऱ्यास आपल्या श्रमांचें फळ पदरांत पडलेलें पाहावयाचें असतें. त्या कागदांतील उणीव दाखविण्यांत त्या दिवशीं न्यायालयांतील कोणाचेंच हित नसतें. ज्यांचें असतें, ते दूर आपापल्या घरीं असतात.

हा धोका कायद्याला अगदींच अपरिचित होता असें नाहीं. अज्ञान मुलाच्या वतीनें त्याच्या पालकानें दावा चालविला असेल, तर न्यायालयाच्या परवानगीवांचून त्या पालकाला तडजोड करतां येत नाहीं, हा नियम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत पहिल्यापासून आहे. पालक कितीहि प्रेमळ असला तरी दुसऱ्याच्या हक्कावर पाणी सोडण्याचा अधिकार त्याला एकट्याला देऊं नये, हें त्यामागील तत्त्व होय.

त्याच संहितेंत प्रातिनिधिक दाव्याचीहि सोय आहे. गांवाची वहिवाटीची वाट, देवस्थानची जमीन, पाण्याचा सामाईक हक्क अशा बाबतींत शेंकडों लोकांचा संबंध एकाच प्रश्नाशीं येतो. प्रत्येकानें वेगळा दावा लावावयाचा म्हटलें तर न्यायालयें बुडून जातील, आणि गरिबाला तर तें परवडणारच नाहीं. म्हणून थोड्यांनीं सर्वांच्या वतीनें उभें राहावें, ही इंग्लंडांतील चान्सरी न्यायालयांची जुनी रीति या देशाच्या कायद्यानें स्वीकारली. १८८२ च्या संहितेंत ती ३० व्या कलमांत होती. १९०८ च्या संहितेंत ती पहिल्या आदेशाच्या आठव्या नियमांत आली. अट एवढीच कीं न्यायालयाची परवानगी घ्यावी आणि ज्यांच्यातर्फें दावा चालणार त्यांना नोटीस मिळावी, कारण होणारा निकाल त्या सर्वांना बांधणारा असतो.

या सोयींतील एक भगदाड मात्र पुष्कळ वर्षें तसेंच राहिलें. लढून मिळालेला निकाल सर्वांना बांधतो हें ठीक. पण न लढतां केलेली तडजोड? पुढें उभ्या असलेल्या दोघाचौघांनीं प्रतिपक्षाशीं संगनमत केलें, किंवा केवळ कंटाळून हात टेकले, तर मागच्या शेंकडोंचें काय? १९७६ च्या दुरुस्तीनें या प्रश्नाचें उत्तर देण्याचा यत्न केला. तेविसाव्या आदेशांत ३-ब हा नियम नव्यानें घालण्यांत आला आणि तो १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलांत आला. प्रातिनिधिक दाव्यांतील कोणतीहि तडजोड न्यायालयाच्या स्पष्ट परवानगीशिवाय केल्यास ती रद्दबातल समजावी, आणि अशी परवानगी देण्यापूर्वीं ज्यांचें हित गुंतलेलें असेल त्यांना न्यायालयानें योग्य वाटेल त्या रीतीनें नोटीस द्यावी, असा त्याचा आशय आहे. नियम लहान आहे. परंतु अगोदर ऐकावें आणि मग सही करावी, हा क्रम त्यानें लावून दिला.

अमेरिकेंत हाच क्रम अधिक विस्तारानें पाळला जातो. तेथील संघराज्य-न्यायालयांच्या दिवाणी नियमांपैकीं २३ वा नियम १९३८ पासून सामुदायिक दाव्यांच्या तडजोडीस न्यायाधीशाची मंजुरी आवश्यक ठरवीत आला आहे. या मंजुरीचें एक प्रसिद्ध उदाहरण १९८४ सालचें आहे. व्हिएतनामच्या युद्धांत झाडाझुडपांचीं पानें गाळण्यासाठीं अमेरिकन सैन्यानें ‘एजंट ऑरेंज’ नांवाचें विषारी द्रव्य विमानांतून फवारलें होतें. त्यामुळें आपल्याला व आपल्या मुलांना व्याधि जडल्या, अशी तक्रार करून माजी सैनिकांनीं तें द्रव्य बनविणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. ब्रुकलिन येथील न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांच्यापुढें खटला उभा राहावयाच्या दिवशींच, ७ मे १९८४ रोजीं, १८ कोटि डॉलरांवर तडजोड झाली. परंतु वाइनस्टाइन यांनीं तिला लगेच अंतिम मंजुरी दिली नाहीं. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील पांच शहरांत सुनावण्या झाल्या. शेंकडों सैनिक, त्यांच्या बायका आणि विधवा न्यायाधीशासमोर येऊन बोलल्या. कित्येकांनीं तडजोडीला कडाडून विरोध केला.

या सुनावण्यांनीं रक्कम एका डॉलरानेंहि वाढली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. वैद्यकीय पुरावा लंगडा होता आणि खटला पुढें चालला तर वादींच्या हातीं कदाचित् कांहींच लागणार नाहीं, असें न्यायाधीशांचें मत पडलें. त्यांनीं तडजोड मंजूर केली. पण मंजुरी देतांना घेतलेल्या आक्षेपांस उत्तरें देणें त्यांना भाग पडलें. ज्यांचा हक्क संपत होता त्यांना तो कां संपत आहे हें कळलें, आणि नको म्हणण्याची संधि तो संपण्यापूर्वीं मिळाली.

या सुनावण्या आटोपून चार महिनेहि झाले नव्हते तोंच भोपाळची ती काळरात्र उजाडली.

१९८४ च्या डिसेंबरच्या २ व ३ तारखांच्या मधल्या रात्रीं युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीच्या कीटकनाशकांच्या कारखान्यांतून मेथिल आयसोसायनेट या विषारी वायूचा सुमारें ४० टन सांठा बाहेर पडला. जयप्रकाशनगर, काझी कॅम्प अशा कारखान्याच्या भोंवतालच्या वस्त्या गरीब मजुरांच्या होत्या. झोपेंतून उठून लोक वाट फुटेल तिकडे धांवत सुटले. हजारों मेले, आणि वांचले त्यांपैकीं लाखों लोकांच्या डोळ्यांत व फुप्फुसांत तें विष कायमचें घर करून राहिलें. भारतीय कंपनीचे अर्ध्याहून किंचित् अधिक, म्हणजे शेंकडा ५०.९ भाग अमेरिकेंतील युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनच्या मालकीचे होते. तेव्हां भरपाई मागावयाची ती मूळ कंपनीकडून, हें उघड होतें.

थोड्याच दिवसांत अमेरिकन वकील भोपाळांत दाखल झाले. ज्यांना इंग्रजीचें अक्षर ठाऊक नव्हतें अशांचे आंगठे वकीलपत्रांवर उमटले, आणि अमेरिकेंतील न्यायालयांत दाव्यांची रांग लागली. या धांदलींतून पीडितांना सोडविण्यासाठीं भारत सरकारनें फेब्रुवारी १९८५ मध्यें एक वटहुकूम काढला आणि मार्चमध्यें संसदेनें त्याचा कायदा केला. भोपाळ वायुगळतीसंबंधींच्या सर्व दाव्यांत पीडितांचें प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार या कायद्यानें एकट्या केंद्र सरकारला दिला. ज्याला कोणी नाहीं त्याचें राज्य हेंच पालक, हें जुनें तत्त्व त्याच्या मुळाशीं होतें. पीडितानें स्वतःच्या खर्चानें वकील देऊन सरकारच्या कामांत सहभागी व्हावें, एवढी वाट चौथ्या कलमानें उघडी ठेवली.

हेतु चांगला होता. पण अज्ञान मुलाच्या पालकाविषयीं कायद्याला वाटणारी शंका येथें अधिकच खरी होती. कारखान्याला परवाने सरकारनेंच दिले होते. भारतीय कंपनीचे कांहीं भाग सरकारी वित्तसंस्थांच्या हातीं होते. आणि परदेशी भांडवलाशीं असलेल्या संबंधांची चिंता सरकारलाच वाहावयाची होती. पालकाचें आणि पाल्याचें हित सर्वस्वीं एकच आहे असें म्हणतां येईल अशी ही स्थिति नव्हती.

अमेरिकेंतील सारे दावे न्यूयॉर्कचे न्यायाधीश जॉन कीनन यांच्यापुढें एकत्र आले. मार्च १९८६ मध्यें तेथील खासगी वकिलांनीं ३५ कोटि डॉलरांवर तडजोडीचा मसुदा तयार केला. भारत सरकारनें तो अपुरा म्हणून नाकारला. १२ मे १९८६ रोजीं कीनन यांनीं हे दावे भारतांतच चालावेत असा निकाल दिला, आणि त्या वर्षीं सप्टेंबरमध्यें भारत सरकारनें भोपाळच्या जिल्हा न्यायालयांत दावा दाखल केला. पुढें सरकारनें मागितलेली भरपाई ३३० कोटि डॉलरांची होती. जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनीं १७ डिसेंबर १९८७ रोजीं अंतरिम मदत म्हणून ३५० कोटि रुपये देण्याचा कंपनीला आदेश दिला. ४ एप्रिल १९८८ रोजीं जबलपूरच्या उच्च न्यायालयानें तो आंकडा २५० कोटींवर आणला. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयांत गेले.

सर्वोच्च न्यायालयापुढें होता तो प्रश्न केवळ या अंतरिम रकमेचा. मूळ दाव्यांत एकाहि साक्षीदाराची साक्ष झालेली नव्हती. पीडितांची तपासणी करून कोण किती आजारी आहे हें ठरविण्याचें काम अर्धवट होतें. अशा स्थितींत १४ फेब्रुवारी १९८९ रोजीं सरन्यायाधीश रघुनंदन स्वरूप पाठक यांच्या अध्यक्षतेखालील पांच न्यायाधीशांच्या पीठानें जाहीर केलें कीं ४७ कोटि डॉलर घेऊन सारें प्रकरण संपविण्यांत येत आहे. दुसऱ्या दिवशीं पुढचा आदेश निघाला आणि दोन्ही पक्षांनीं मान्य केलेल्या शर्ती नोंदल्या गेल्या. रक्कम ३१ मार्चपूर्वीं भरावयाची होती. ती त्या वेळच्या हिशेबानें सुमारें ७१५ कोटि रुपये होत होती. सर्व दिवाणी दावे त्यांत मिटले. आणि कंपनीवरील व तिच्या अधिकाऱ्यांवरील फौजदारी खटलेहि त्याच लेखणीनें रद्द झाले.

मागणीच्या जवळजवळ सातव्या हिश्श्यावर हें प्रकरण मिटलें होतें. ज्यांच्या नांवानें तें मिटलें त्यांना ही बातमी वृत्तपत्रांतून आणि आकाशवाणीवरून कळली. नोटीस निघाली नव्हती, कोणाला विचारलें गेलें नव्हतें, आणि हीच रक्कम कां याचीं कारणेंहि आदेशांत नव्हतीं. तीं कारणें सर्वोच्च न्यायालयानें ४ मे १९८९ रोजीं, म्हणजे जवळजवळ अडीच महिन्यांनीं दिलीं. मृत सुमारें ३,०००. कायमचे पूर्ण किंवा अंशतः अपंग ३०,०००. तात्पुरते अपंग २०,०००. आणि अत्यंत गंभीर इजा झालेले २,०००, अशा अंदाजावर तो हिशेब उभारलेला होता.

न्यायालयाच्या बाजूनेंहि कांहीं बोलण्यासारखें होतें, आणि तें दुर्लक्षूं नये. घटना घडून चार वर्षें उलटलीं होतीं आणि कंपनीकडून पीडितांच्या हातीं म्हणण्यासारखें कांहींच पडलें नव्हतें. मूळ दावा, त्यावरील अपिलें, मग हुकूमनाम्याची अमेरिकेंत बजावणी, या वाटेनें जावयाचें म्हटलें तर आणखी एक पिढी गेली असती. आज मिळणारी भाकरी कीं वीस वर्षांनीं मिळेल असें सांगितलेलें पक्वान्न, या पेंचांत दयाळू माणूस भाकरीकडेच झुकेल. प्रश्न भाकरी निवडली हा नव्हताच. उपाशी माणसाला न विचारतां त्याच्या वतीनें पक्वान्नावरचा हक्क सोडला गेला, हा होता.

भोपाळच्या पीडितांनीं, आणि त्यांतहि पुढाकार घेणाऱ्या स्त्रियांनीं, तो प्रश्न सोडला नाहीं. पीडितांच्या संघटनांनीं तडजोडीच्या पुनर्विलोकनासाठीं अर्ज केले. १९८५ च्या कायद्यालाच आव्हान देणारे अर्ज न्यायालयांत होतेच. त्यांचा निकाल सरन्यायाधीश सब्यसाची मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील पीठानें २२ डिसेंबर १९८९ रोजीं दिला. कायदा वैध ठरला. परंतु तडजोड करण्यापूर्वीं पीडितांना नोटीस देऊन त्यांचें म्हणणें ऐकावयास हवें होतें, असेंहि न्यायालयानें स्पष्ट म्हटलें. मग तसें न झाल्याचा परिणाम काय? न्यायालयाचें उत्तर असें होतें कीं पुनर्विलोकनाचे अर्ज पुढें आहेतच. त्या वेळीं पीडितांना ऐकून घेतां येईल आणि राहिलेली उणीव भरून निघेल. म्हणजे सही अगोदर झाली होती, आणि ऐकणें मागाहून होणार होतें.

दरम्यान पालकाचें मनहि बदललें. १९८९ च्या अखेरीस सत्तेवर आलेल्या विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारनें जानेवारी १९९० मध्यें पुनर्विलोकनाच्या अर्जांस पाठिंबा जाहीर केला. वायुग्रस्त ३६ प्रभागांतील रहिवाशांना दरमहा माणशी २०० रुपयांची अंतरिम मदतहि त्याच वर्षीं सुरू झाली. ज्या सरकारच्या संमतीनें तडजोड झाली त्याच सरकारनें ती अन्याय्य म्हणावी, यावरून पालकाची संमति आणि पाल्यांची संमति यांतील अंतर उघड होतें.

पुनर्विलोकनाचा निकाल ३ ऑक्टोबर १९९१ रोजीं लागला. पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र. बहुमताचें विस्तृत निकालपत्र न्यायमूर्ति एम. एन. वेंकटचलय्या यांनीं लिहिलें. तेविसाव्या आदेशाचा नियम ३-ब या प्रकरणास जसाच्या तसा लागू होत नाहीं आणि तो न पाळल्यानें तडजोड रद्द ठरत नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें. अमेरिकन धर्तीची सुनावणी झाली नाहीं, या कारणास्तवहि तडजोड मोडण्यास त्यानें नकार दिला. ती मोडली तर पैसे कंपनीला परत जाणार आणि पीडित पुन्हां १९८६ च्या पायरीवर येऊन उभे राहणार, ही भीति त्या नकारामागें होती.

तरीहि या निकालानें पुष्कळ गोष्टी बदलल्या. फौजदारी खटले पुन्हां जिवंत झाले. कंपनीनें भोपाळांत रुग्णालय उभारण्यासाठीं सुमारें ५० कोटि रुपयांचा भार उचलावा, असें सांगण्यांत आलें. ज्यांना वायु लागला पण रोगाचीं लक्षणें अजून दिसलीं नाहींत अशा सुमारें एक लाख लोकांचा वैद्यकीय विमा सरकारनें उतरावा, असा आदेश झाला. आणि पुढें निधि अपुरा पडला तर तूट केंद्र सरकारनें भरून काढावी, असेंहि ठरलें. या शेवटच्या मुद्द्यावर न्यायमूर्ति ए. एम. अहमदी यांनीं आपलें भिन्न मत नोंदविलें. ज्यानें अपराध केल्याचें ठरलेलें नाहीं त्या सरकारवर, म्हणजे अंतीं करदात्यांवर, हा बोजा कां, असा त्यांचा प्रश्न होता.

या निकालांतील बदललेलें आणि न बदललेलें एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलें तर या साऱ्या इतिहासाचें मर्म हातीं लागतें. फौजदारी खटले न्यायालयाच्या अधिकारांतले होते, तें त्यानें दुरुस्त केलें. विमा आणि तूट या गोष्टी सरकारला आज्ञा करून साधणाऱ्या होत्या, त्याहि त्यानें साधल्या. उशिरां कां होईना, पीडितांचें ऐकलें गेलें आणि त्याचा उपयोग झाला. एक गोष्ट मात्र हललीच नाहीं, ती म्हणजे ४७ कोटि डॉलरांची रक्कम. ती वाढविण्यास प्रतिपक्षाची संमति हवी होती. सही होण्यापूर्वीं न्यायाधीश म्हणूं शकतो, “एवढ्यावर मी मंजुरी देणार नाहीं; पुन्हां विचार करून या.” त्या एका वाक्यांत जें सामर्थ्य असतें तें सही होतांच संपतें. मग उरतात दोनच वाटा: सारी तडजोड मोडावी, नाहींतर ती आहे तशी ठेवावी. ऐकण्याची वेळ चुकली कीं ऐकण्यांतला जोर जातो, तो असा.

पुढें काय झालें तें आंकडेच सांगतात. दाव्यांच्या निवाड्यासाठीं नेमलेल्या अधिकाऱ्यांपुढें दहा लाखांहून अधिक दावे आले. त्यांपैकीं सुमारें ५ लाख ७४ हजार मंजूर झाले. मृत्यूबद्दलच्या मंजूर दाव्यांची संख्याच पांच हजारांवर गेली. मूळ रक्कम या सर्वांत सारखी वांटली असती तर माणशी साडेबारा हजार रुपये आले असते. बहुसंख्य लोकांस किरकोळ इजा झाल्याचें ठरवून प्रत्येकीं २५,००० रुपये देण्यांत आले. वांटप रखडत असतां डॉलरांत ठेवलेल्या निधीवर व्याज चढलें आणि रुपयाची किंमत उतरली, त्यामुळें २००४ मध्यें १,५०३ कोटि रुपये शिल्लक दिसले. सर्वोच्च न्यायालयानें ते त्याच पीडितांत पहिल्या रकमेच्या प्रमाणांत वांटण्याचा आदेश दिला. तडजोड भरपूर होती याचा दाखला म्हणून ही शिल्लक कित्येकदां पुढें केली जाते. वस्तुतः ती पैसे उशिरां पोंचल्याची खूण होती.

जून २०१० मध्यें भोपाळच्या न्यायालयानें भारतीय कंपनीच्या सात अधिकाऱ्यांस दोन वर्षांची शिक्षा सुनावली, आणि देशभर पुन्हां संताप उसळला. त्या वर्षाच्या अखेरीस केंद्र सरकारनें सर्वोच्च न्यायालयांत क्यूरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विलोकन संपल्यावरहि उरणारा अखेरचा अर्ज, दाखल केली. १९८९ चे अंदाज चुकले होते, म्हणून कंपनीकडून आणखी ७,८०० कोटि रुपयांहून अधिक रक्कम मिळावी, अशी त्यांत मागणी होती. १४ मार्च २०२३ रोजीं न्यायमूर्ति संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील पांच न्यायाधीशांच्या पीठानें ती फेटाळली. फसवणुकीच्या कारणावरून तडजोड मोडतां येते. ती कायम ठेवून एका पक्षाकडून जास्त पैसे मात्र वसूल करतां येत नाहींत, असा त्या निकालाचा आशय होता. तूट भरून काढण्याचें काम १९९१ मध्येंच सरकारवर सोंपविलें होतें, याचीहि न्यायालयानें आठवण दिली. आणि ज्या विम्याचा आदेश त्या वर्षीं झाला होता तो सरकारनें कधींच उतरविला नाहीं, याबद्दल कठोर शब्दांत ठपका ठेवला.

दोन्ही निकालांत एकतीस वर्षांहून अधिक अंतर आहे, पण त्यांना भेडसावणारी भिंत एकच आहे. १९८९ च्या फेब्रुवारींतील त्या सकाळीं भोपाळच्या लोकांना बोलूं दिलें असतें तर रक्कम वाढलीच असती, असें छातीठोकपणें कोणी म्हणूं नये. ब्रुकलिनच्या सैनिकांची वाढली नव्हती. परंतु तीन प्रश्न त्यांनीं निश्चित विचारले असते. मोजणी पुरी झालेली नसतां आंकडा कशावरून ठरविला? जे आज धडधाकट दिसतात आणि उद्यां अंथरुणाला खिळतील, किंवा जीं मुलें अजून जन्मावयाचीं आहेत, त्यांचें काय? आणि पैशाच्या दाव्याबरोबर मृत्यूचा फौजदारी जाब कां मिटविला? यांतील शेवटच्या दोहोंचीं उत्तरें १९९१ मध्यें अंशतः मिळालीं. पहिल्याचें उत्तर द्यावयास नंतर कोणालाच अधिकार उरला नव्हता.

समूहाच्या नांवानें होणारे दावे पुढेंहि होत राहतील. कारखाने, औषधें, बँका, कंपन्यांचे भागधारक या सर्वांच्या व्यवहारांत एकाच चुकीचा फटका हजारोंना बसतो, आणि त्या हजारोंनीं वेगवेगळें लढावें ही अपेक्षा म्हणजे न्याय नाकारणेंच होय. म्हणून कोणी तरी सर्वांच्या वतीनें उभें राहिलेंच पाहिजे, आणि कधीं तरी तडजोडहि केली पाहिजे. त्या दिवशीं न्यायाधीशासमोर दोन्ही बाजूंचे वकील संतुष्ट चेहऱ्यानें उभे असतील आणि विरोध करणारें कोणी दिसणार नाहीं. नेमक्या त्याच वेळीं त्यानें लेखणी खालीं ठेवून, जे तेथें नाहींत त्यांना बोलावणें धाडावयाचें असतें. दोघांच्या भांडणांत तिसऱ्यानें तोंड घालूं नये हा संकेत खरा; परंतु लाखोंच्या नांवानें झालेल्या तडजोडींत तो तिसरा बहुधा स्वतः वादीच असतो.